परसात कोंबड्या पाळायच्या आहेत: पिल्लांपासून सुरुवात (नागपूर)

बेसावाली | २४ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बेसा-पिपळा भागात आमचं घर आहे. मागे बऱ्यापैकी मोकळी जागा, एक कडुनिंब, एक सीताफळ, बाकी सगळं गवत. दहा-बारा कोंबड्या पाळायचं घरात ठरलं आहे. धंदा करायचा नाही, घरच्यापुरती अंडी मिळाली की झालं. सासूबाई लाखनीकडच्या. त्यांच्या माहेरी कोंबड्या होत्या, आणि त्यांचं म्हणणं असं की यात शिकण्यासारखं काही नाही, कोंबड्या आपल्या आपण राहतात. मी इंटरनेटवर वाचायला बसले तर दिवे, तापमान, लसी, प्रथिनं... डोकं भणाणलं.

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवसाची पिल्लं आणावी असा विचार आहे. मुलांनाही सुट्ट्या असतील. कोणती जात घेऊ, किती घेऊ, आणि आधी काय तयारी ठेवू? नागपूरकरांनी सांगितलं तर जास्त बरं, कारण पुण्या-कोल्हापूरचे व्हिडिओ बघून इथला मे महिना निघेल असं वाटत नाही.

सावजीभक्त | २४ सप्टेंबर, रात्री १०:०२

पिल्लं आणा ताई, मसाला आमच्याकडं तयार आहे.

बेसावाली | २४ सप्टेंबर, रात्री १०:०५

पहिला प्रतिसाद हाच येणार हे माहीत होतं. :)

काटोलकर | २५ सप्टेंबर, सकाळी ६:१५

ताई, पिल्लं नंतर, आधी खुराडा बांधा. लोकं उलटं करतात. पिल्लं खोक्यात आणतात, म्हणतात महिन्याभरात बांधून टाकू, अन् महिन्यानं पिल्लं सोफ्यावर हगून राहिलेली असतात.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे उन्हाची तिरीप आत दूरवर येत नाही. उत्तर अन् दक्षिण बाजूला जाळी, गुडघ्याइतकी भिंत खाली. वारा आरपार गेला पाहिजे. आपल्याकडं थंडी दोन महिने, ऊन चार महिने, हे लक्षात ठेवून बांधा. टिनाचं छप्पर घालाल तं त्यावर तणसाचा नाही तं तुराट्यांचा जाड थर टाका. नुसत्या टिनाखाली मे महिन्यात दुपारी दोनला तुम्ही पाच मिनिटं उभं राहून पहा, मंग कोंबडीला ठेवा.

जाळी घेताना दुकानदार षटकोनी कोंबडीजाळी देईल. ती कोंबडी आत राहावी म्हणून असते. मुंगूस, मांजर, उंदीर बाहेर राहावेत म्हणून अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लागते. महाग पडते, पण बेस्याकडं अजून मोकळे प्लॉट आहेत, म्हणजे मुंगूस आहेच. जाळी जमिनीत हातभर पुरा, नाही तं बाहेरून उकरून येते. दाराला कडी वरून अन् खालून दोन्हीकडं.

जागा एका मोठ्या कोंबडीमागं आत दोन चौरस फूट तरी धरा, अन् बाहेर फिरायला मिळेल तितकी. बसायला आडव्या दांड्या. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागं एक खोका पुरते, कारण सगळ्यांना एकाच खोक्यात जायचं असते.

आता तुमच्या सासूबाईंचं. त्या चुकीचं नाही सांगून राहिल्या. त्यांच्या घरी खुडूक कोंबडी पिल्लं काढायची, तीच पंखाखाली घ्यायची, तीच चरायला शिकवायची. माणसाचं काम नव्हतंच. तुम्ही यंत्रातली पिल्लं आणून राहिल्या, त्यांना माय नाही. मायचं सगळं काम तुमच्या गळ्यात.

बेसावाली | २५ सप्टेंबर, सकाळी ८:३०

काका, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला त्यांनी.

पशुवैद्य_४४०० | २५ सप्टेंबर, दुपारी १:२०

काटोलकरांना +१. मी थोडं तब्येतीच्या अंगानं लिहितो.

दिवाळीत पिल्लं आणू नका. कारण फटाके. पिल्लं घाबरली की एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तुमच्या गल्लीत काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. दिवाळी उरकली की आणा. नोव्हेंबरात दिवसा फारसं ऊन नसतं, रात्रीची ऊब बल्बनं सांभाळता येते, आणि डिसेंबरच्या शेवटी पारा दहाच्या खाली जातो तोवर पिल्लांना पिसं आलेली असतात. मे महिन्यात ती जवळपास पूर्ण वाढलेली असतील. फेब्रुवारीतही चालतं, पण मग कोवळ्या वयात ४५ अंश झेलावे लागतात. पावसाळ्यात नवख्यानं सुरुवात करू नये. ओल आली की रक्ती हगवण आलीच.

जात: अंड्यासाठी रोड आयलंड रेड, ग्रामप्रिया किंवा कावेरी. वनराज आणि गिरिराज अंगानं मोठ्या, अंडी त्या मानानं कमी. गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. कडकनाथ झाबुआचा, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लोक हौसेनं घेतात, पण वर्षाला शंभरेक अंड्यांच्या आसपासच देतो आणि महाग पडतो. पहिल्या खेपेला नको.

आणखी एक. एक दिवसाची पिल्लं नर-मादी न निवडता घेतली तर साधारण निम्मे कोंबडे निघतात. कोंबड्या बारा हव्या असतील तर पंचवीसेक पिल्लं धरावी लागतील, आणि जास्तीच्या नरांचं काय करायचं हे आधीच ठरवा. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, ती अंडी फक्त उबवण्याजोगी नसतात. आणि कोंबडा पहाटे साडेतीनला आरवला की शेजारी येतातच.

सावजीभक्त | २५ सप्टेंबर, दुपारी १:३१

जास्तीच्या नरांचं काय करायचं हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

छतावरचीशेती | २५ सप्टेंबर, दुपारी ४:४५

मी वेगळं सुचवते. एक दिवसाची पिल्लं नकाच घेऊ. तीन-चार आठवडे वाढवलेली, सुरुवातीच्या लसी झालेली पिल्लं मिळतात. दर जास्त असतो, पण बल्ब, जागरण, मरतूक सगळं वाचतं. त्याहून सोपं म्हणजे तलंगा, आठ-दहा आठवड्यांच्या. तोवर नर-मादी ओळखू येतात, त्यामुळे माद्याच निवडून घेता येतात. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेतही तलंगांचे गट असतात, २५ माद्या आणि ३ नर. पंचायत समितीत चौकशी करा. घरगुती हौसेला तो गट मोठा पडेल, पण दोन घरांनी मिळून विचार करता येतो.

बेसावाली | २५ सप्टेंबर, रात्री ९:१०

तलंगांचं पटतंय, पण मुलांना पिल्लंच हवी आहेत. शब्द दिलाय. आणि बुधवार बाजाराच्या बाजूला गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं एक माणूस टोपलीत घेऊन बसला होता, धाकटी तिथून हलेना. दहा-पंधरा रुपयांत देत होता. ती कशी असतात?

पशुवैद्य_४४०० | २५ सप्टेंबर, रात्री ९:५५

नका घेऊ. ती बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात. अंड्यांच्या उबवणी केंद्राला नरांचा उपयोग नसतो, म्हणून ते मातीमोल विकले जातात. कधी ब्रॉयलरची उरलेली पिल्लंही असतात. रंगात बुडवून ओली झालेली, दिवसभर उन्हात, पाणी नाही, लस नाही. त्यातली बरीचशी आठवडाही काढत नाहीत आणि मुलांच्या डोळ्यांसमोर जातात. वर त्यांच्यासोबत रोग तुमच्या अंगणात येतो तो वेगळा.

नोंदणी असलेल्या उबवणी केंद्रातून घ्या. सेमिनरी हिल्सवरचं सरकारी केंद्र आहे, काही खासगीही आहेत. घेताना विचारा: मॅरेक्स रोगाची लस टोचली आहे का? ती पहिल्याच दिवशी केंद्रात टोचतात, घरी आणून उपयोग नाही. पिल्लू हातात घेऊन बघा. डोळे टपोरे, बेंबी कोरडी आणि मिटलेली, पाय चकचकीत, पाठीवर ठेवलं की लगेच उठून उभं राहणारं.

बेसावाली | २६ सप्टेंबर, सकाळी ११:००

ठरलं. दिवाळीनंतर, एक दिवसाची, रोड आयलंड रेड, वीस. काटोलकर काका, मायचं काम काय काय असतं ते सांगा आता.

काटोलकर | २६ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

टिनाचा नाही तं जाड पुठ्ठ्याचा गोल करा, दीड फूट उंच, वीस पिल्लांना चारेक फूट व्यासाचा. गोलच करा, कोपरा ठेवू नका, डॉक्टरसाहेबांनी सांगितलं ते कोपऱ्यातच होते. खाली धानाचं तूस दोन इंच. भंडाऱ्याच्या राईस मिलचं आपल्याकडं कुठंही मिळते. पहिले दोन-तीन दिवस तुसावर खरबरीत कागद नाही तं जुनं गोणपाट अंथरा, नाही तं पिल्लं तूसच खातात. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात अन् मंग ते पिल्लू उभं राहत नाही.

मधोमध बल्ब, जमिनीपासून फूट-दीड फूट वर. पिल्लं यायच्या चार-पाच तास आधी लावून ठेवा. पिल्लांच्या पाठीच्या उंचीला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश पाहिजे, मंग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्ब वर सरकवला की झालं. थर्मामीटर ठेवा, पण पिल्लाकडं पहा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिव करून राहिली तं थंडी वाजून राहिली. कडेला जाऊन चोच उघडी टाकून पडली तं गरम होऊन राहिलं. एकाच बाजूला चिकटली तं दुसरीकडून वारा येते. सगळीकडं पसरून खाऊन-पिऊन झोपून राहिली की तुम्हीही झोपा.

आल्या आल्या खाद्य नको, आधी पाणी. उकळून कोमट केलेलं, चिमूटभर गूळ टाकून. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात टेकवा, एकाला समजलं की दुसऱ्याला समजते. पाण्याच्या भांड्यात गोटे टाका, नाही तं बुडून मरतात. दोन-तीन तासांनी खाद्य.

वायरमन_मानेवाडा | २६ सप्टेंबर, रात्री ८:१२

बल्बबद्दल दोन गोष्टी. एलईडी लावू नका, त्याला ऊब नसते. जुना पिवळा, तारेचा बल्ब लागतो. तो आता प्रत्येक दुकानात मिळत नाही, सीताबर्डीला चार दुकानं फिरा. पिल्लामागं दोन वॉट असा हिशोब लोक धरतात, म्हणजे वीस पिल्लांना ४० वॉट, पण नोव्हेंबरच्या रात्री बाहेरच्या शेडमध्ये तो कमी पडेल. ६० चे दोन लावा, वेगवेगळ्या होल्डरवर. एक उडाला तरी दुसरा चालू.

आणि बल्ब नुसता वायरीवर लोंबकळता सोडू नका. साखळीनं बांधा, वरून पत्र्याची टोपी, भोवती जाळी. खाली तूस आहे. कोंबडी उडून आदळली, बल्ब तुसात पडला की पेट घेते. वायर उंदरापासून पीव्हीसी पाइपातून न्या.

लाईन गेली तर काय? गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून गोलात ठेवा, वरून चादर, हवेला फट ठेवून. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, धुरानं पिल्लं जातात आणि माणसंही.

कणीवाले_आजोबा | २७ सप्टेंबर, सकाळी ७:००

एवढा खर्च कशाला? आमच्याकडे तांदळाची कणी अन् उरलेली भाकर यावर कोंबड्या वाढल्या.

पशुवैद्य_४४०० | २७ सप्टेंबर, दुपारी २:१५

आजोबा, वाढल्या, कारण त्या दिवसभर उकिरडा उकरून किडे, वाळवी खात होत्या. प्रथिनं तिथून मिळत. पुठ्ठ्याच्या गोलातल्या पिल्लाला वाळवी कुठून मिळणार? नुसत्या कणीवर ठेवलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, पंख लोंबतात. पहिले आठ आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य द्या, त्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. मग वाढत्या पाखरांचं ग्रोअर, आणि अठरा-वीस आठवड्यांनी अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर. लेअरचं पोतं घरात आहे म्हणून पिल्लांना घालू नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी चुना भरपूर असतो, पिल्लांची मूत्रपिंडं खराब होतात. कणी, ज्वारी, पालकाची देठं महिन्याभरानंतर जोडीला द्या, सोबत थोडी बारीक वाळू, कारण दाणा दळायला पोटात खडे लागतात.

लसींचं वेळापत्रक: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची. आठ ते दहा आठवड्यांत आर-टू-बी, पंखाखाली कातडीत, त्याच्या एक आठवडा आधी जंताचं औषध. लासोटा आणि आर-टू-बी दोन्ही मानमोडीसाठी, म्हणजे रानीखेतसाठी. या रोगाला औषध नाही. हळद, लसूण, दुकानदारानं दिलेली लाल पुडी, कशानंही तो बरा होत नाही. हळदीनं नुकसान नाही, पण हळद घातली म्हणून लस टाळली असं करू नका. लस बर्फात आणायची, एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवायची.

रामटेकवाला | २७ सप्टेंबर, रात्री १०:४०

बर्ड फ्लूचं काय? घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारतोय.

पशुवैद्य_४४०० | २८ सप्टेंबर, सकाळी ९:०५

रास्त प्रश्न. नागपूरला हा विषय परका नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला, भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच-५-एन-१, म्हणजे बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं. म्हणून सवयी लावून घ्या. खुराड्यात जायची चप्पल वेगळी, ती बाहेर न्यायची नाही. रानपाखरं पाण्यावर येणार नाहीत असं भांडं आत ठेवा. बाजारातून चिकन आणलं तर धुतलेलं पाणी आणि कचरा अंगणात टाकू नका. दुसऱ्याच्या कोंबड्या पाहून आलात तर आधी हातपाय धुवा. मुलांनी पिल्लं हातात घ्यावीत, पण तोंडाला लावू नयेत, आणि नंतर साबणानं हात. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर पुरायची घाई न करता १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा.

बेसावाली | १० नोव्हेंबर, रात्री ११:५०

आली! वीस सांगितली होती, एकवीस दिली. खुराडा बांधून झालाय, सध्या मात्र पिल्लं मागच्या खोलीत टिनाच्या गोलात आहेत. गुळाचं पाणी प्यायली. एक चोच बुडवून मान वर करतं, की लगेच शेजारचं तेच करतं, मग तिसरं. मुलं अजून झोपायला तयार नाहीत. सासूबाईंनी बल्बच्या वर हात धरून "एवढी ऊब पुरे" असं जाहीर केलं, थर्मामीटरनं ३३ दाखवले. वाद मिटला.

एकच शंका. एका पिल्लाच्या बुडाला शेण चिकटून वाळलंय. हे काय?

काटोलकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ५:५५

प्रवासात थंडी लागली की तसं होते. ओढून काढू नका, खालची कातडी सोलते. कोमट पाण्यात कापूस भिजवून जराशानं मऊ झालं की पुसा. कोरडं करा, बल्बजवळ सोडा. रोज संध्याकाळी सगळ्यांची बुडं पाहत जा, आठवडाभर तरी. द्वार बंद झालं की पिल्लू मरते.

बेसावाली | २ डिसेंबर, दुपारी ३:२०

वीस जिवंत आहेत. एक पहिल्याच आठवड्यात गेलं, आधीपासून बारीक होतं. बाकीच्यांना पंखांवर लालसर पिसं फुटली आहेत, आणि आता ती गोलाच्या काठावर उडून बसतात. काल लाईन गेली होती, वायरमन भाऊंच्या बाटल्यांनी रात्र निघाली.

नवा प्रश्न: दोघं-तिघं एकाच्या शेपटीवर टोचत आहेत, रक्त आलंय.

छतावरचीशेती | २ डिसेंबर, दुपारी ३:४८

जागा कमी पडतेय. वाढलीत ती. टोचलेलं वेगळं काढ, जखमेला हळद-तेल लाव, कारण लाल दिसलं की सगळीच टोचतात. दिवसा ऊन चढलं की अंगणात जाळीखाली सोड, पालकाची जुडी उंच बांधून लटकव. कंटाळा गेला की टोचणं कमी होतं. आणि रात्री प्रखर पांढरा दिवा असेल तर काढ.

काटोलकर | २ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

अंगणात सोडाल तं वरूनही जाळी पाहिजे. शिकरा कडुनिंबावर बसून पाहूनच राहिला असेल. ओलं तूस रोज काढा, पाण्याच्या भांड्याखालचं पहिले. शेणात रक्त दिसलं तं त्याच दिवशी डॉक्टरसाहेबांना फोटो पाठवा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

बेसावाली | ४ जानेवारी, सकाळी १०:३०

सगळी खुराड्यात गेली आहेत, दांडीवर ओळीनं बसतात. आर-टू-बीची वेळ झाली, पण दुकानात लहान कुपी मिळेना. शंभराच्या वरचे डोस आणि माझ्याकडे वीस पाखरं. कालवून उरलेली टाकून द्यायची का?

वायरमन_मानेवाडा | ४ जानेवारी, सकाळी १०:५२

माझी बारा आहेत, अडीच महिन्यांची. माझ्या सालीची हुडकेश्वरला पंधरा. कुपी वाटून घेऊ.

हिंगणेकर | ४ जानेवारी, सकाळी ११:२०

माझी तीस. सगळे पाखरं घेऊन एकाच घरी जमायचं का?

पशुवैद्य_४४०० | ४ जानेवारी, दुपारी १२:४०

पाखरं अजिबात एकत्र आणू नका. एका घरचा रोग चार घरांत जाईल. पाखरं जागेवर, कुपी फिरेल. दोन तासांचा हिशोब आहे, म्हणून बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर एका फेरीत होतं. हिंगणा उलट्या दिशेला, हिंगणेकरांनी वाडी-हिंगण्याचे आणखी कोणी शोधून दुसरी कुपी घ्यावी. रविवारी सकाळी सातला बेस्याहून सुरू करू, उन्हाआधी संपेल. बर्फाचा डबा मी आणतो. प्रत्येक घरी सुया नव्या आणि माझ्या बुटांना धुवायला एक घमेलं पाणी ठेवा. जंताचं औषध अजून दिलं नसेल तर आजच द्या. कुणाचं पाखरू शिंकत असेल, पंख पाडून बसलं असेल तर त्याला त्या दिवशी टोचणार नाही, आधी कळवा. पाखरं शनिवारी रात्रीच आत कोंडून ठेवा, सकाळी अंगणभर पकडत बसायला वेळ नाही.

सावजीभक्त | ४ जानेवारी, दुपारी १२:४६

पकडायला मी येतो. खरंच. रिकाम्या हातानं जाईन.